एरंडाचं गुऱ्हाळ

मराठीने एरंडाला कधी मान दिला नाही. जिथे मोठं झाड नाही तिथेच त्याचा रुबाब, म्हणून 'ओसाड गावी एरंड बळी'. कुणी बोलण्याची लांबण लावली की ते 'एरंडाचं गुऱ्हाळ', कारण चरकात कितीही पिळला तरी त्यातून रस निघायचा नाही. आणि कुणाचं तोंड वाकडं झालं की ते 'एरंडेल प्यायल्यासारखं'. आम्हा वडोदऱ्याच्या मराठी घरांत या तेलाला गुजराती नाव लागलं, दिवेल. दिव्याचं तेल ते दिवेल. रॉकेल येण्याआधी घराघरांतून तेच जळायचं. आजही वर्षाचे गहू आणि तूरडाळ भरताना दाण्यांना दिवेलाचा हात फिरवतात. कीड होत नाही, म्हणून मारावीही लागत नाही. आमच्या जैन घरांत या दुसऱ्या फायद्याचं मोल अधिक.

पण या लेखात मला सांगायचं आहे ते दिव्याचं किंवा डब्यातल्या डाळीचं नाही. याच तेलापासून एक नायलॉन होतो. मालट्रकच्या हवेच्या ब्रेकमध्ये त्याच्या नळ्या असतात, मोटारीत पेट्रोल त्यातून वाहतं आणि समुद्राच्या तळातून खनिज तेल वर आणणाऱ्या लवचिक पाइपांना आतून त्याचंच अस्तर असतं. म्हणजे खनिज तेल काढायला शेतातलं तेल लागतं. हे कसं झालं, तो इतिहास मला मोठा बोलका वाटतो.

यंत्रांशी एरंडेलाची ओळख जुनी. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या रेल्वेत ते वंगण म्हणून आणि दिव्यांसाठी वापरत. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनं तर त्याच्याशिवाय चालत नसत. या इंजिनांत पेट्रोल आणि वंगण एकत्र फिरायचं. खनिज वंगण पेट्रोलमध्ये विरघळून जायचं, एरंडेल सहसा विरघळत नसे. जळलेलं तेल मागे वैमानिकाच्या तोंडावर उडायचं आणि बिचाऱ्याचं पोट बिघडायचं. १९०९ साली वेकफील्ड या इंग्रज कंपनीने आपल्या वंगणाला 'कॅस्ट्रॉल' हे नाव दिलं, तेसुद्धा एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच.

या तेलाचं वेगळेपण त्याच्या घडणीत आहे. त्यातलं सुमारे ८५ ते ९० टक्के आम्ल एकाच जातीचं, रिसिनोलिक आम्ल. अठरा कार्बनांची साखळी, आणि तिच्या बाराव्या कार्बनावर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी लटकलेली. शेंगदाणा, तीळ, करडई, सरकी, आपल्या ओळखीच्या कुठल्याच तेलात ही जोडी नाही. तिच्यामुळे तेल घट्ट आणि चिकट होतं. शिवाय जोरात तापवलं तर साखळी कुठे तुटणार हेही तिच्यामुळेच ठरतं. रसायनशास्त्रज्ञाला याहून अधिक काय हवं? निसर्गाने कापायची खूण आधीच करून ठेवलेली.

आता अमेरिकेत जाऊ. ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स आणि त्याचे सहकारी कृत्रिम धाग्याच्या शोधात होते. कॅरोदर्सचा कल ज्या नायलॉनकडे होता, त्याला सेबॅसिक आम्ल लागायचं, आणि ते एरंडेलापासून करत. पण त्याचे वरिष्ठ एल्मर बोल्टन यांनी वेगळा हिशेब केला. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी प्रयोगशाळेत जो 'नायलॉन ६६' तयार झाला, त्याचे दोन्ही घटक कोळशातून निघणाऱ्या बेंझिनपासून करता येत होते. स्वस्त आणि हवा तेवढा माल. बोल्टन यांनी तोच निवडला. १९४० च्या मे महिन्यात अमेरिकाभर नायलॉनचे मोजे विक्रीला आले आणि जगाला नायलॉन म्हणजे कोळसा, हवा आणि पाणी असं सांगण्यात आलं. एरंड दारापर्यंत येऊन परत गेला.

त्याला आत घेतलं फ्रान्सने. थान-म्युलूझ या रासायनिक कंपनीतले संशोधनप्रमुख जोसेफ झेल्टनर यांना १९३८ साली कॅरोदर्सच्याच लिखाणातून अकरा कार्बनांच्या नायलॉनची कल्पना सुचली. मिशेल जेना आणि मार्सेल कास्टनर हे त्यांचे सहकारी. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत हे काम चाललं. १९४७ मध्ये पेटंटं दाखल झाली, १९५० मध्ये पहिला धागा निघाला आणि १९५५ मध्ये मार्सेय इथे कारखाना उभा राहून खरं उत्पादन सुरू झालं. नाव ठेवलं 'रिलसान'.

कृती ऐकायला सोपी, करायला कठीण. एरंडेलाचा एस्टर करून तो सुमारे ५०० अंशांवर वाफेबरोबर तापवायचा. मघा सांगितलेल्या खुणेवर साखळी तुटते. एक तुकडा सात कार्बनांचा, तो अत्तरांच्या धंद्यात जातो. दुसरा अकरा कार्बनांचा. त्याच्या शेपटीला आधी ब्रोमीन आणि मग अमोनियाच्या मदतीने नायट्रोजन जोडायचा. असे तुकडे एकमेकांत गुंफले की नायलॉन ११.

तो इतका टिकतो कशामुळे? पटवेकऱ्याने ओवलेली माळ आठवा. नायलॉनच्या माळेत कार्बनाचे मणी आणि मधूनमधून गाठी. पाणी जाऊन बसतं ते गाठीपाशी. नेहमीच्या नायलॉनमध्ये दर सहा मण्यांनंतर गाठ, म्हणून तो भिजत ठेवला तर आपल्या वजनाच्या नऊ-दहा टक्के पाणी पितो, फुगतो, त्याची मापं बदलतात. एरंडाच्या नायलॉनमध्ये गाठ अकरा मण्यांनंतर. तो दोन टक्केही पाणी पीत नाही. कडाक्याच्या थंडीत तडकत नाही, मीठ, तेल, पेट्रोल यांना दाद देत नाही. त्याबदल्यात तो जास्त उष्णता सोसत नाही. नायलॉन ६६ सुमारे २६० अंशांवर वितळतो, हा १९० च्या आतच. महागही आहे. म्हणून साडीच्या बाजारात तो टिकला नाही. जिथे नळी फुटली तर माणसं मरतील, अशा जागी टिकला.

त्याची किंमत जगाला एकदा अचानक कळली. ३१ मार्च २०१२ रोजी जर्मनीत मार्ल इथल्या कारखान्यात स्फोट होऊन दोन कामगार दगावले. तिथे नायलॉन १२ चा कच्चा माल तयार होत असे. हा एरंडाच्या नायलॉनचा खनिज तेलापासून होणारा चुलतभाऊ. मोटारींच्या ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या बहुतांशी त्याच्याच. काही दिवसांत जगभरच्या मोटार कंपन्या हवालदिल झाल्या आणि एप्रिलमध्ये डेट्रॉइटजवळ त्यांची तातडीची बैठक भरली. पर्यायांत एरंडाचा नायलॉन होताच. पण ब्रेकची नळी सहज बदलता येत नाही. प्रत्येक नवा माल ताण, थंडी, मीठ अशा कसोट्यांतून जावा लागतो आणि त्याला महिने लागतात. तरी एक गोष्ट दिसली. जगाची चाकं फार थोड्या कारखान्यांवर अवलंबून आहेत, आणि त्यांतल्या एकाचा पुरवठा शेतातून येतो.

ते शेत कुठलं? बहुतेक आपलंच. जगातल्या एरंडीपैकी चार पंचमांशाहून अधिक भारतात पिकते आणि त्यातला सिंहाचा वाटा गुजरातचा. मेहसाणा, पाटण, बनासकांठा, कच्छ. यातला मेहसाणा, पाटण, विजापूर, कडी हा मुलूख गायकवाडांच्या राज्यात कडी प्रांत म्हणून मोडायचा. तिथला शेतसारा वडोदऱ्याच्या तिजोरीत यायचा आणि मराठी कारकुनांच्या मोडी दप्तरांत उतरायचा. ज्यांच्या भाषेत एरंड हास्यास्पद, त्यांच्याच राज्यात त्याचं हे माहेर होतं, याची मला गंमत वाटते.

त्याला बळी केलं ते गुजरातच्या कृषिशास्त्रज्ञांनी. १९६८ साली आलेला जीसीएच-३ हा व्यापारी लागवडीसाठीचा जगातला पहिला संकरित एरंड मानला जातो. त्याची मादी टेक्सासच्या वाणाची होती. पुढे विजापूरच्या केंद्रात आपली मादी तयार झाली आणि तिच्यापासून १९८६ मध्ये जीसीएच-४ निघाला. बांधावर आपोआप उगवणारं झुडूप ओळीत लावायचं पीक झालं. मोठमोठ्या कारखान्यांचा इतिहास लिहिताना या माणसांना कुणी धरत नाही. मला वाटतं, धरायला हवं. त्यांच्यावाचून मार्सेयला एवढं तेल कुठून मिळालं असतं?

आज 'शाश्वत' हा शब्द या नायलॉनला चटकन चिकटवतात. तो निम्मा खरा आहे. एरंडी दरवर्षी उगवते, माणसाच्या ताटातलं अन्न हिरावत नाही, पेंड विषारी असली तरी खत म्हणून शेतात परत जाते. पण उत्तर गुजरातेत या पिकाला पाणी जमिनीखालून उपसून द्यावं लागतं आणि तिथल्या कूपनलिका वर्षानुवर्षं खोल चालल्या आहेत. भावाचं तर विचारूच नका. जानेवारी २०१६ मध्ये एरंडीचे भाव असे कोसळले की वायदेबाजारात तिचे सौदेच थांबवावे लागले. त्याच वर्षी आर्केमा, बीएएसएफ, जयंत अ‍ॅग्रो आणि सॉलिडॅरिडॅड यांनी मिळून गुजरातेत 'प्रगती' हा उपक्रम सुरू केला. कमी पाण्यात, जपून फवारणी करून जास्त पीक कसं घ्यावं हे शेतकऱ्याला शिकवण्याचा. चांगलंच आहे. नळीची कसोटी ब्रेकवर आणि शेताची कसोटी विहिरीवर, या दोन्ही कसोट्या घेतल्याशिवाय तो शब्द वापरू नये.

आणखी एक प्रश्न आम्हा वडोदरेकरांचा. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून इथे आहे. सत्तरच्या दशकापासून इथल्या सरकारी खत कारखान्यात बेंझिनपासून कॅप्रोलॅक्टम, म्हणजे नेहमीच्या नायलॉनचा कच्चा माल होतो. जवळच रणोलीला एरंडेलापासून रसायनं करणारे कारखाने आहेत. विद्यापीठ आहे, रसायनशास्त्र शिकलेली पोरं-पोरी आहेत. तरी तेल कांडला-मुंद्र्याहून जहाजात भरून जातं आणि त्याच्या अकरा कार्बनांचा नायलॉन मार्सेयच्या, आता सिंगापूरच्या कारखान्यांच्या जोरावर होतो. बी आपलं, वाण आपला, पाणी आपलं. सगळ्यात मोलाची पायरी तेवढी परक्याची. ही सत्तर वर्षांची विद्या त्यांनी कष्टाने मिळवली, त्याबद्दल हेवा नाही. पण जे पीक आपण जगाला पुरवतो, त्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत जायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

रस निघत नाही म्हणून आपण ज्याला हसलो, त्याचं गुऱ्हाळ दुसऱ्यांनी चालवून दाखवलं. आता चरक आपल्या अंगणात कधी येतो, ते पाहायचं.