छावणीतलं पत्र आणि आपली बैठक



जेवणं उरकून रेडिओजवळ बसला असाल. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी उद्याची भाजी निवडत असेल. हात चालू राहू द्या, नुसता कान इकडे द्या. आज थोडा इतिहास सांगणार आहे. पण लढाईचा नाही. दाणागोट्याचा, गवताचा, चुलीतल्या विस्तवाचा आणि एका उंदराचा.

त्याआधी माझी एक चूक सांगते, म्हणजे हा विषय का घेतला ते कळेल.

आपल्या सातारा भागात बऱ्याच घरांतून कुणी ना कुणी फौजेत असतं. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. माझा थोरला भाऊही फौजेतला. सुट्टीवर आला तरी पहाटे पाचला उठणार, अंथरुणाची घडी करणार, चप्पल एका रेषेत लावणार. मला ते फार आवडायचं. गटांचं काम हातात घेतलं तेव्हा ठरवलं, आपल्या बायकांनाही अशीच शिस्त लावायची. एका गटात मी नियम केला. बैठक बरोबर पाचला, उशीर झाला तर दहा रुपये दंड, सबब ऐकायची नाही. दोन महिन्यांत गट कसा सरळ झाला! ओळीत बसणं, वेळेवर बचत, वही चोख. मी तालुक्याला जाऊन कौतुकानं सांगायची.

त्या गटात एक ताई होत्या. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायच्या. मजुरीची सुट्टीच पाचला, आणि रान गावापासून अडीच किलोमीटर. त्या धापा टाकत यायच्या, तोवर साडेपाच झालेले असायचे. तीन वेळा दंड भरला. चौथ्या वेळी आल्याच नाहीत. पुढे कळलं, पोराच्या दवाखान्यासाठी त्यांनी बाहेरून चढ्या व्याजानं पैसे उचलले. दंडाचे तीस रुपये गटाच्या पेटीत जमा झाले आणि गटातली एक बाई गेली.

हे मी भावाला सांगितलं. वाटलं, तो म्हणेल नियम म्हणजे नियम. तो म्हणाला, "आमच्याकडं वेळ पाळतात, कारण एकाच्या उशिरानं दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. तुमची बैठक पाचलाच का?" मला उत्तर देता येईना. खरं कारण एवढंच होतं, की माझी परतीची शेवटची एसटी साडेसहाची होती.

तेव्हा मला बी.ए.ला वाचलेलं एक पत्र आठवलं. परीक्षेपुरतं वाचलं होतं. परत काढून नीट वाचलं. तेच आज तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते.

हे पत्र शिवाजी महाराजांच्या काळातलं, राज्याभिषेकाच्या आगेमागे, म्हणजे १६७३-७४ च्या सुमाराचं. महिना वैशाखाचा. महाराजांच्या फौजेचा मुक्काम कोकणात चिपळूणला होता. पावसाळा तोंडावर आलेला. घोड्यांसाठी पावसाळ्यापुरता केलेला साठा फौजेच्या मुक्कामात बराचसा संपला होता. गडागडांवरून धान्य देववून कशीबशी पुन्हा बेगमी केली होती. अशा वेळी महाराजांनी फौजेतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना हे पत्र पाठवलं. जुमलेदार, हवालदार म्हणजे शिपायांवरचे अधिकारी आणि कारकून म्हणजे हिशेब व कोठार सांभाळणारे.

पत्रात पहिली गोष्ट साठ्याची. आज आहे म्हणून मनाला येईल तसा दाणा-गवत घोड्यांना घालाल, तर भर पावसात काहीच मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होतील. म्हणून कारकून रोज जेवढं मोजून देईल तेवढंच घ्या. त्याच्याशी हुज्जत घालू नका, कोठारात घुसू नका. साठा पावसाळाभर पुरला पाहिजे. मैत्रिणींनो, कणगीतले दाणे पुढच्या सुगीपर्यंत पुरवणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवायला नको.

दुसरी गोष्ट रयतेची. साठा संपला की शिपाई काय करतील? कुणी कुणब्याच्या घरून दाणे आणेल, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी सरपण, कुणी भाजीपाला. मग जे शेतकरी कसेबसे घर धरून राहिलेत तेही गाव सोडून जातील. काही उपाशी मरतील. त्यांना वाटेल की मोगल आले होते त्यापेक्षा हे आपलेच लोक वाईट. तुम्हाला खजिन्यातून पगार वाटलेला आहे. जे लागेल ते बाजारात जाऊन पैसे देऊन विकत घ्या. रयतेला काडीचाही त्रास होता कामा नये.

तिसरी गोष्ट आगीची. उन्हाळ्याचे दिवस, सगळीकडे वाळलं गवत. कुणी भलत्याच जागी चूल मांडेल, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, आणि वारं सुटलंय हे ध्यानातच येणार नाही. एका झोपडीला आग लागली की सगळ्या जातील, गवताच्या गंजी जातील. मग कुणालाही शिक्षा केली तरी नवं घर उभारायला एक लाकूड मिळणार नाही. आणि इथंच तो उंदीर येतो. रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, तेवढ्यानंही आग लागेल, एवढं बारीक पत्रात सांगितलंय. एवढा मोठा राजा, पण त्याच्या डोळ्यासमोर घरातला दिवा आणि उंदीर होता.

हे पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा माझ्या तीन गोष्टी लक्षात आल्या.

एक, प्रत्येक हुकमाच्या पुढं कारण आहे. 'मी सांगतो म्हणून करा' एवढ्यावर भागवलेलं नाही. असं केलं तर असं होईल, हे पायरी पायरीनं उलगडून सांगितलंय. आणि हे पत्र सगळ्यांनी तपशिलानं ऐकावं असंही म्हटलंय. कारण कळलं, की पाठीमागं कुणी उभं नसतानाही माणूस नियम पाळतो.

दोन, ही शिस्त बळकटाला लावलेली आहे. हातात तलवार शिपायाच्या होती, कुणब्याच्या नव्हे. म्हणून बंधन शिपायावर घातलं, कुणब्याला त्रास होऊ नये म्हणून. मी उलटं केलं होतं. बैठकीची वेळ माझ्या एसटीवर ठरवली आणि दंड मजुरीवरून येणाऱ्या ताईंना लावला. आपल्या गटात तलवार नसते, पण पेन, वही आणि पेटीची किल्ली ज्यांच्या हातात असते त्याच बळकट असतात.

तीन, राखण मोठ्यांनी करायची. जे प्रमुख आहेत त्यांनी स्वतः फिरून चुली, आगट्या, दिवे बघावेत, रोजच्या रोज खबर घ्यावी, असा हुकूम आहे.

पण हे पत्र मवाळ आहे असं समजू नका. शेवटी सक्त ताकीद आहे. ज्याच्याकडून चूक होईल त्याची इज्जत राहणार नाही आणि नोकरीही राहणार नाही. म्हणजे दंड आहेच. पण तो अगदी शेवटी आहे, आधी पगार दिलाय, साठा केलाय, कारण समजावलंय.

महाराजांच्या फौजेबद्दल सभासदाच्या बखरीतही माहिती मिळते. ही बखर १६९७ ची. फौज आठ महिने मोहिमेवर आणि पावसाळ्याचे चार महिने छावणीत असे. निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची नोंद व्हायची आणि परत आल्यावर ती ताडून पाहिली जायची. जास्तीचं निघालं तर हिशेब द्यावा लागे. लष्कराची शिस्त म्हटलं की आपल्याला बूट आणि परेड आठवते. पण तिचा मोठा भाग मोजणं, लिहिणं आणि जपून वापरणं हाच होता. आपली पंचसूत्री तरी काय सांगते? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब.

आता आम्ही काय बदललं ते सांगते. बैठकीची वेळ सगळ्यांना विचारून रात्री आठची ठेवली. मी त्या दिवशी गावातच मुक्काम करते. प्रत्येक नियमापुढं त्याचं कारण वहीत लिहिलं आणि ते मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण सगळ्यांनाच वाचता येत नाही. दंड ठेवलाय, पण आधी अध्यक्षांनी त्या बाईच्या घरी जाऊन अडचण विचारायची, मगच दंड. आणि अध्यक्ष-सचिवांच्या कर्जाचा हप्ता सगळ्यांत आधी वाचायचा.

ताई अजून गटात परत आलेल्या नाहीत. त्यांचं बाहेरचं देणं फिटायचं आहे. मी दोनदा जाऊन आले. पुढच्या महिन्यात गट त्यांच्या कर्जाचा विचार करणार आहे, बघू.

तुम्हीही एक काम करा. येत्या बैठकीत नियमांची वही उघडा आणि एकेका नियमाला विचारा, हा कशासाठी? याचा भार कुणावर पडतो? ज्याचं कारण कुणालाच सांगता येणार नाही तो नियम सगळ्यांनी मिळून बदला. ज्याचं कारण पटेल तो मात्र कसून पाळा.

आणि झोपण्याआधी चुलीतला विस्तव विझलाय का, एकदा बघून घ्या. नमस्कार.