२२० वजा वय

व्यायामशाळेतल्या तक्त्यावर, ट्रेडमिलच्या पडद्यावर आणि आता मनगटावरच्या घड्याळातही एक सूत्र ठाण मांडून बसले आहे : २२० मधून वय वजा करा, उरेल ती हृदयगतीची कमाल मर्यादा. माझे वय ५६, म्हणजे मिनिटाला १६४ ठोके. हे २२० आले कुठून, याचा माग काढताना एखादा मोठा प्रयोग हाती लागेल असे वाटले होते.

हाती लागला तो एक आलेख. सॅम्युअल फॉक्स, जॉन नॉटन आणि विल्यम हॅस्केल या अमेरिकी संशोधकांचा व्यायाम व हृदयविकार यांवरचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी आधीच्या दहा-अकरा अभ्यासांतले आकडे त्यांनी एकत्र मांडले होते. हॅस्केल यांनीच पुढे सांगितले, की एका बैठकीला जाताना विमानात बसून आपण व फॉक्स यांनी ती रेषा ओढली. त्या अभ्यासांतली माणसे बहुतेक ५५ च्या आतली. काही धूम्रपान करणारी, काही हृदयरोगी. साऱ्या जगाला लागू करावे असा हेतूच नव्हता! २००२ साली रॉबर्ग्स आणि लँडवेर यांनी तेच बिंदू पुन्हा तपासले, तर त्यांतून २२० निघेना, २१५.४ वजा ०.९१४७ गुणिले वय असे समीकरण निघाले.

कित्येक पुस्तके या सूत्राचे श्रेय फिनलंडच्या मार्टी कार्व्होनेन यांना देतात. तेही चूकच, त्यांनी स्वतःच ते नाकारले. त्यांच्या १९५७ च्या अभ्यासातून आली ती दुसरी रीत, आणि माझ्या मते अधिक शहाणपणाची : कमाल गतीतून विश्रांतीची नाडी वजा करायची, उरलेल्याचे ६० टक्के वगैरे काढून त्यात विश्रांतीची नाडी पुन्हा मिळवायची. यात माणसाची स्वतःची नाडी तरी मोजली जाते.

२००१ साली हिरोफुमी तानाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांतल्या १८,७१२ निरोगी माणसांचे आकडे एकत्र करून २०८ वजा ०.७ गुणिले वय हे सूत्र दिले. चाळिशीत दोन्हींचे उत्तर १८०. सत्तरीत मात्र जुने १५० म्हणते, नवे १५९. त्यातही माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याला तर दोन्ही सूत्रे निरुपयोगी.

नऊ ठोक्यांनी काय बिघडते? हृदयाची ताणचाचणी पुष्कळदा कमाल गतीच्या ८५ टक्क्यांचे लक्ष्य धरून होते. जुन्या हिशेबाने सत्तरीतल्या माणसाची चाचणी १२८ ठोक्यांना थांबवली, तर त्याच्या हृदयावर पुरेसा ताण आलेलाच नसू शकतो आणि अहवालात मात्र 'दोष आढळला नाही' असे लिहिले जाते.