तीन महिन्यांचे वचन

नाताळ जवळ आला की धर्मग्रामातील काही घरांत आनंदाबरोबर धास्तीही शिरते, हे आम्ही धर्मगुरू जाणतो. गव्हाणी सजते, करंज्या तळल्या जातात, पाहुण्यांसाठी बाटलीही आणून ठेवली जाते. आणि ज्या घरातील कर्त्या पुरुषाने गेल्या उपवासकाळात दारू सोडली आहे, त्या घरातील माउली त्या बाटलीकडे पुन:पुन्हा पाहत राहते. असाच एक पुरुष आगमनकाळात आमच्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, वर्षाचे बाकीचे दिवस निघतील, नाताळ कसा निघेल?" त्याला काय सांगावे, याचा विचार करताना आम्हांस डब्लिनच्या एका हमालाची आठवण झाली.

मॅट टॅलबट याचा जन्म २ मे १८५६ रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहरी, बारा भावंडांच्या गरीब घरात झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी ८ डिसेंबरला कपुचिन संघाचे फादर थिओबाल्ड मॅथ्यू निवर्तले. या फादर मॅथ्यूंनी १८३८ साली कॉर्क शहरात दारूबंदीची चळवळ उभारली होती आणि लक्षावधी आयरिश लोकांनी त्यांच्यासमोर गुडघे टेकून आजन्म दारू न पिण्याची शपथ घेतली होती. पुढे दुष्काळाने देश होरपळला, फादर थकले आणि त्या शपथांपैकी पुष्कळशा विरून गेल्या. गर्दीत घेतलेली जन्मभराची शपथ एकट्याने पाळणे किती कठीण, हे त्या पिढीने पाहिले.

मॅट बाराव्या वर्षी बाटल्या भरणाऱ्या एका दारूविक्रेत्याकडे कामास लागला आणि थोड्याच दिवसांत पिऊन घरी येऊ लागला. पुढील सोळा वर्षे त्याची मजुरी गुत्त्यात गेली. एकदा तर त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी रस्त्यावर फिडल वाजवून पोट भरणाऱ्या एका वादकाचे वाद्यच पळवून विकले आणि त्या पैशांची दारू प्याली. १८८४ सालचा एक शनिवार उजाडला. आठवडाभर काम नव्हते, खिसा रिकामा होता. गुत्त्याच्या कोपऱ्यावर तो उभा राहिला. ज्यांना त्याने कित्येकदा पाजली होती, ते सोबती पगार घेऊन त्याच्यासमोरून निघून गेले. एकानेही "ये" म्हटले नाही. तो घरी परतला व आईला म्हणाला की, आपण दारू सोडण्याचे वचन देणार आहोत. पाळायचे असेल तरच दे, असे त्या माउलीने बजावले.

त्याच दिवशी क्लॉनलिफ येथील सेमिनरीत जाऊन त्याने पापनिवेदन केले आणि वचन दिले, ते केवळ तीन महिन्यांचे! अठ्ठावीस वर्षांच्या त्या तरुणाला स्वत:वर याहून अधिक भरवसा नव्हता आणि धर्मगुरूंनीही अधिक मागितले नाही. ते दिवस त्याला इतके जड गेले की, मुदत संपताच पुन्हा पिणार, असे तो आईला सांगत असे. मुदत संपली, त्याने सहा महिन्यांचे वचन दिले आणि त्यानंतर जन्मभराचे. एकदा कामानंतर पाय आपोआप गुत्त्यात वळले. विक्रेत्याचे त्याच्याकडे लक्षच गेले नाही, म्हणून तो बाहेर पडला. तेव्हापासून तो खिशात पैसे ठेवीनासा झाला. रोज पहाटेची मिस्सा, मग लाकडाच्या वखारीतील हमाली, अशी चाळीस वर्षे गेली. तो फिडलवाला त्याने शहरभर शोधला. सापडला नाही, तेव्हा त्याच्यासाठी मिस्सा अर्पिल्या. ७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मिस्सेला जाताना तो ग्रॅनबी लेनमध्ये कोसळून मृत्यू पावला. त्याच्या देहावर तपाच्या साखळ्या आढळल्या आणि लोक त्याविषयीच बोलत राहिले. आम्हांस मात्र त्या साखळ्यांपेक्षा तो रिकामा खिसा अधिक बोलका वाटतो. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी त्याला आदरणीय घोषित केले.

मॅटच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, ११ डिसेंबर १९३४ रोजी, बिल विल्सन नावाचा एक गृहस्थ न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात चौथ्यांदा दाखल झाला. तो कॅथलिक नव्हता. देवावरही त्याचा धड विश्वास नव्हता. अगदी हताश होऊन त्याने देवाला हाक मारली आणि खोली प्रकाशाने भरून गेल्यासारखे त्याला वाटले. आपण वेडे तर झालो नाही ना, असे त्याने डॉक्टरांना विचारले. जे लाभले आहे ते सोडू नकोस, असे डॉक्टर म्हणाले. १८ डिसेंबरला तो बाहेर पडला. नाताळ एका आठवड्यावर होता. त्यानंतर त्याने कधीही दारूला स्पर्श केला नाही. पुढे ॲक्रन शहरात डॉक्टर बॉब यांच्याबरोबर त्याने जी संघटना उभी केली, ती अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. 'आजचा एक दिवस' हे तिचे सूत्र. तीन महिन्यांची मुदत येथे चोवीस तासांवर आली!

त्याच ॲक्रनमधील सेंट थॉमस रुग्णालयात आयरिश वंशाच्या सिस्टर इग्नेशिया रुग्णांची नोंदणी करीत. दारुड्यांना रुग्णालये दारात उभे करीत नसत. १९३९ साली डॉक्टर बॉब यांच्या एका रुग्णाला सिस्टरांनी पोटाच्या विकाराच्या नावाखाली दाखल करून घेतले आणि फुले सजवण्याच्या लहानशा खोलीत त्याची खाट सरकवली. घरी जाताना प्रत्येकाला त्या येशूच्या पवित्र हृदयाचे चिन्ह देत आणि सांगत: पहिला पेला घेण्यापूर्वी हे मला परत आणून दे.

आपल्याकडेही हे कार्य रुजले. स्वत: व्यसनातून सावरलेले फादर जो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत वांद्रे येथे कृपा फाउंडेशनची स्थापना केली आणि पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडून मिळालेली विद्या तिथे उपयोगात आणली. वसईतही तिचे केंद्र उभे राहिले.

परंतु जे पुन:पुन्हा पडतात, त्यांचे काय? चीनमधील वैद्य मार्क जी तियानश्यांग यांनी पोटदुखीवर अफू घेतली आणि ते तिच्या अधीन झाले. व्यसन सुटत नाही, म्हणून पापक्षमा नाही, असे त्यांच्या धर्मगुरूंनी ठरवले. सुमारे तीस वर्षे त्यांना परमप्रसाद मिळाला नाही. तरी त्यांनी चर्चची पायरी सोडली नाही. १९०० साली बॉक्सर बंडात त्यांना कुटुंबासह पकडण्यात आले. आपल्या माणसांपैकी कोणीही एकटे मरू नये, म्हणून आपल्याला शेवटी मारावे, अशी त्यांनी विनंती केली. अफू सुटल्याची नोंद कुठेही नाही. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संतपद दिले.

त्या धर्मगुरूंना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्ही नवे सहायक धर्मगुरू असताना, एका नाताळच्या मध्यरात्री, झिंगलेल्या एका माणसाला आम्ही चर्चच्या दारातून परत पाठवले. गोंधळ होईल, असे वाटले. त्याने लहान मुलीचा हात धरला होता. तिला गव्हाणी पाहायची होती.

आता आमच्या धर्मग्रामात २४ डिसेंबरला शाळेच्या एका वर्गात व्यसनमुक्तांची सभा भरते आणि मध्यरात्रीच्या मिस्सेची घंटा होईपर्यंत चहाची किटली उतरत नाही. आमच्याकडे आलेल्या त्या पुरुषाला आम्ही वेळ सांगितली, सायंकाळी सात. आणि घरच्या माउलीलाही घेऊन ये, असे म्हटले.