डोकं कुणाचं, पाय कुणाचे?

तेरा फेब्रुवारी २०२३. सोमवार. पहाटेचे पाच. नळाला पाणी यायला वेळ होता आणि मी अंधारात मोबाइलवर अमेरिकेतला फुटबॉल बघत बसलो होतो. बायको म्हणाली, "या वयात हे काय खूळ?"

खूळ भाच्यानं लावलं. तो बाल्टिमोरला नोकरी करतो. तिथं मॅचच्या दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमधे एकच भांडण. एक गट म्हणतो, कोच भित्रा आहे, जपून खेळवतो, चेंडू फेकूच देत नाही. दुसरा म्हणतो, फेकायला क्वार्टरबॅकला येतंय कुठं? तो पळतो चांगला, तेवढंच. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, भांडण खेळाचं वाटतं, पण वास वेगळाच येतो." मी म्हटलं, वास आला ना? मग इतिहास उकर.

आधी खेळ समजून घ्या दोस्तहो. हा पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. अकरा विरुद्ध अकरा. दहा यार्ड पुढं सरकायला चार संधी. चेंडू मधल्या गड्याकडून क्वार्टरबॅकच्या हातात येतो. मग त्यानं तो शेजारच्या पळणाऱ्याला द्यावा, लांब फेकावा, नाहीतर स्वतः घेऊन सुटावं. फेकलेला चेंडू विरोधकानं झेलला की डाव त्यांचा. म्हणून जपून खेळणारा कोच चेंडू हवेत जाऊ देत नाही. पळवा, ढकला, दोन-तीन यार्ड मिळवा, चौथ्या संधीला लाथ मारून चेंडू लांब घालवा. यात अक्कल नाही असं नाही. पळणारा क्वार्टरबॅक मोडतो हेही खोटं नाही. रॉबर्ट ग्रिफिननं २०१२ च्या हंगामात वॉशिंग्टनसाठी आठशेवर यार्ड धाव काढली. जानेवारी २०१३ मधे त्याचा गुडघा गेला, आणि तो पहिल्यासारखा पुन्हा कधी पळाला नाही.

मग वास कसला? तो इतिहासात आहे.

१९३४ ते १९४५ या काळात तिथल्या व्यावसायिक लीगमधे एकही काळा खेळाडू नव्हता. १९४६ ला दार उघडलं. पण कशासाठी? पळायला, अडवायला, धडका द्यायला. चेंडू ज्याच्या हातात येतो, जो दहा जणांना हुकूम सोडतो, ती जागा गोऱ्याची. १८ ऑक्टोबर १९५३ ला शिकागोच्या संघानं विली थ्रोअरला उतरवलं. आडनावाचाच अर्थ फेकणारा! आठ वेळा फेकलं, तीन झेलले गेले, सत्तावीस यार्ड. हंगाम संपला तशी त्याची या लीगमधली कारकीर्दही संपली.

मार्लिन ब्रिस्को १९६८ साली डेन्व्हरला आला. संघाला तो बचावासाठी हवा होता. गडी हुशार. करारातच लिहून घेतलं, क्वार्टरबॅक म्हणून तीन दिवस माझी परीक्षा घ्या. पुढं दुसरे जायबंदी झाले, चालले नाहीत, तेव्हा याला उभा केला. पहिल्याच हंगामात त्याच्या फेकीवर चौदा टचडाउन झाले. पुढच्या वर्षी त्या जागेसाठी त्याला कुणी विचारलंही नाही. तो बफेलोला गेला आणि झेलणारा झाला. चांगला झाला, नाव काढलं. पण डोक्याची जागा गेली ती गेलीच.

आता पिट्सबर्गच्या दोघांचा हिशोब मांडून बघा. टेरी ब्रॅडशॉ गोरा. १९७० साली सगळ्यांत पहिला निवडलेला. पहिल्या वर्षी सहा टचडाउन, आणि चोवीस चेंडू विरोधकांच्या हातात. चोवीस! १९७४ ला त्याच्या जागी जो गिलियम हा काळा पोरगा आला. सहा मॅच, चार जिंकल्या, एक हरली, एक बरोबरीत. तरी त्याला बसवलं. त्याची फेक चुकत होती, हे खरं. पुढं तो नशेत बुडाला, तेही खरं. पण ब्रॅडशॉच्या चोवीस चुका पोटात घालून संघानं त्याला परत बोलावलं, आणि त्यानं चार सुपर बोल जिंकून दिले. चुका दोघांच्या. परतीची वाट एकालाच.

इथंच मला गोम सापडली. जपून खेळवणं म्हणजे नुसता डावपेच नाही. कुणाच्या चुकीवर आपण भरवसा ठेवायचा, त्याचा तो निर्णय असतो. ज्याला चुकायचा हक्क नाही त्याला शिकायचाही नाही. आणि शिकू दिलं नाही की म्हणायला मोकळे, याला येतच नाही.

वॉरन मून तर उभं राहून फेकणारा होता. १९७८ च्या रोझ बोलमधे मॅचचा मानकरी. त्या वर्षीच्या निवडीत त्याला एकाही संघानं घेतलं नाही. तो कॅनडाला गेला आणि तिथं ओळीनं पाच वेळा विजेता झाला. मगच, १९८४ ला, अमेरिकेनं दार उघडलं. ३१ जानेवारी १९८८ ला डग विल्यम्सनं वॉशिंग्टनला सुपर बोल जिंकून दिला, ४२-१०. एकट्या दुसऱ्या सत्रात पस्तीस गुण. तरी गोष्ट मिटली नाही. २०१८ च्या निवडीपूर्वी लमार जॅक्सनला जाहीर सल्ला मिळाला, तू झेलणारा हो. कॉलेज फुटबॉलचं सर्वोच्च बक्षीस मिळवलेला हा पोरगा. संघांपुढं परीक्षा द्यायची वेळ आली तेव्हा तो चाळीस यार्डांची धाव धावलाच नाही. विचार करा! सगळ्यांत वेगवान पोरानं पाय लपवले, का तर आपलं डोकं लोकांना दिसावं. चार क्वार्टरबॅक त्याच्या आधी घेतले गेले. बाल्टिमोरनं त्याला बत्तिसावा घेतला आणि त्याच्या पायांभोवतीच डाव बांधला. २०१९ ला तो एकमतानं वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. छत्तीस टचडाउन फेकून, बाराशेवर यार्ड पळून.

आपल्याला हे नवं आहे का? डोकं एका वर्णाचं, पाय दुसऱ्याचे, ही वाटणी तर आमच्याकडं सूक्तात लिहून ठेवलीय. आणि आम्हाला त्या पायांतही जागा नाही, आम्ही गावकुसाबाहेर. पुण्याचा पळवणकर बाळू आठवा. चांभाराचं पोर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पण हिंदू संघाची कप्तानी बाळूला कधीच मिळाली नाही. धाकट्या भावाला, विठ्ठलला, ती १९२३ ला मिळाली. गोलंदाजी ही मेहनत, ती तुमची. कप्तानी ही अक्कल, ती आमची. शाळेत मलाही धावायच्या शर्यतीत पुढं करायचे. वर्गाचा मॉनिटर मात्र मास्तर डोळे मिटून ठरवायचे. १९७२ ला मुंबईत आमच्या पोरांनी पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून घेतलं, ते उगाच नव्हे. जखमेची जागा ओळखीची होती.

तर त्या पहाटेची मॅच. सुपर बोलमधे दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक काळे, पहिल्यांदाच. कॅन्सस सिटीचा पॅट्रिक महोम्स, फिलाडेल्फियाचा जेलन हर्ट्स. दुसऱ्या सत्रात हर्ट्सच्या हातून चेंडू निसटला. विरोधकानं उचलला आणि थेट टचडाउन केलं. माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, संपलं पोरगं. आता बसवणार याला.

नाही बसवलं. चेंडू परत त्याच्याच हातात दिला. पुढच्याच डावात तो स्वतः पळून टचडाउन करून आला. त्या मॅचमधे त्यानं तीन वेळा पळून गुण केले आणि तीनशेवर यार्ड फेकले. तरी संघ हरला, ३८-३५.

हरू दे. मला तो निसटलेला चेंडू दिसतो, आणि त्याच्या पुढचा. विली थ्रोअरपासून सत्तर वर्षं लागली या एका चुकीला.

भाच्याला सांगितलं, कॅन्टीनमधे पुन्हा भांडण निघालं की एवढंच विचार, पोरगा चुकला तर पुढचा चेंडू कुणाच्या हातात देणार? उत्तर ऐक. मग खेळाचं भांडण कुठं संपतं ते तुझं तुला कळेल.

एवढ्यात नळाला पाणी आलं. मी बादली घेऊन उठलो.