नाकारलेली पोथी आणि राजाचे नाणे

धर्मपीठाने एखादी पोथी नाकारली की ती इतिहासाच्याही कामाची नाही, असे आपण चटकन मानतो. ते खरे आहे का? एका पोथीची हकीकत सांगतो. मग तुम्हीच ठरवा.

बायबलच्या नव्या करारात 27 पुस्तके आहेत. नेमकी ही 27 नावे प्रथम आढळतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या इ. स. 367 मधील पत्रात. या यादीबाहेर जी पुस्तके राहिली, त्यांतले एक म्हणजे 'थोमाची कृत्ये'. तिसऱ्या शतकाच्या आरंभी, बहुधा एदेसा नगरीत, सिरियाक भाषेत ते लिहिले गेले.

गोष्ट मोठी गमतीची आहे. येशूच्या शिष्यांनी चिठ्ठ्या टाकून देश वाटून घेतले. थोमाच्या वाट्याला आला हिंदुस्थान. तो काही केल्या निघेना! तेव्हा येशूने त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला चक्क विकून टाकले. थोमा सुतारकामात निष्णात. गुंडफर राजाने त्याला महाल बांधायला पैसे दिले. याने ते गोरगरिबांना वाटले आणि राजाला सांगितले, की महाल स्वर्गात उभा आहे. राजाने त्याला तुरुंगातच टाकले म्हणा ना!

नवराबायकोंनीही ब्रह्मचर्य पाळावे, असा या पोथीचा आग्रह; शिवाय मानीच्या पंथाला ती प्रिय. चर्चने ती दूर ठेवली यात नवल नाही. अभ्यासकांनीही तिला निव्वळ कल्पित म्हणावे, अशीच ती दिसते.

पण 1830 नंतरच्या दशकात चार्ल्स मॅसनने अफगाणिस्तानात जुनी नाणी गोळा केली. त्यांत गोंडोफरनीस राजाची नाणी निघाली. हाच तो गुंडफर! पुढे तख्त-इ-बाहीच्या शिलालेखातही त्याचे नाव वाचले गेले. त्या लेखाचा काळ अनेक विद्वान इ. स. 46 च्या सुमाराचा मानतात. म्हणजे राजा थोमाचा समकालीन ठरतो.

यावरून थोमा खरोखर इकडे आला, असे सिद्ध होते का? नाही. राजा खरा निघाला म्हणून महाल खरा ठरत नाही. बखरी वाचताना आपण हाच विवेक ठेवतो की नाही? पण दीडशे वर्षांनंतर दूरच्या एदेसात एका हिंदी राजाचे नाव माहीत होते, एवढे मात्र पक्के. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ते तिथे पोचले असावे.

यादी करणाऱ्यांनी विचारले, हिच्यावर श्रद्धा ठेवावी का? इतिहासाचा प्रश्न निराळा आहे : हिच्यात कुणाची आठवण शिल्लक आहे?