४० अध्याय, ३० रात्री

नवनाथ भक्तिसार या पोथीचे अध्याय ४०. श्रावणाच्या रात्री ३०, एखाद्या तिथीचा क्षय झाला तर २९. भागाकार सरळ येत नाही. म्हणून श्रावण लागायच्या आधी देवळाच्या ओट्यावर चार जाणती माणसं बसतात आणि कोणत्या रात्री एक अध्याय, कोणत्या रात्री जोड अध्याय, हे ठरवतात. सोमवारी माणसं उपाशी, त्या दिवशी लवकर आटोपायचं. कानबाईच्या रविवारी घरोघरी रोट आणि जागरण, तेव्हा पोथीकडे कुणी फिरकणार नाही. समाप्ती पोळ्यावर जाऊ द्यायची नाही, कारण त्या दिवशी सगळ्या गावाचं लक्ष बैलांच्या शिंगांना लावायच्या रंगात.

मोसम नदीकाठचं आमचं नामपूर बाहेरच्यांना माहीत असतं ते कांद्यामुळे. बागलाणातल्या या बाजारगावी अद्भुतकथेचे आणि विज्ञानकथेचे शौकीन शोधायला कुणी येत नाही. पण अशा शौकिनांची आज एक रीत आहे. महिना लागला की प्रत्येकानं आपली यादी सांगायची: या महिन्यात मी हे वाचणार. पाच पुस्तकं सांगायची, दोन वाचायची, आणि तिसऱ्याचं काय झालं असं कुणी विचारलं तर विषय बदलायचा. मीही अशा एका टोळक्यात आहे. कुणी पुण्यात, कुणी शारजात, कुणी मालेगावात, मी इथे. ही रीत कुठून आली असं त्यांना विचारलं की सगळ्यांची बोटं अमेरिकेकडे वळतात. ते अगदीच खोटं नाही. ह्यूगो गर्न्सबॅकनं १९२६च्या एप्रिलात 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढलं, पुढे त्यात वाचकांची पत्रं त्यांच्या पत्त्यांसकट छापली जाऊ लागली, आणि गावोगावचे एकटे वाचक त्या पत्त्यांवर एकमेकांना लिहू लागले. काय वाचलंस, आता काय वाचणार, ही विचारपूस तिथे सुरू झाली. मला मात्र आमच्या यादीचं कूळ ओट्यावरच्या त्या भागाकारात दिसतं.

नवनाथ भक्तिसार धुंडीसुत मालूनं शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पुरी केली. धर्मग्रंथ म्हणून ती पाटावर ठेवतात, तिला हळदकुंकू वाहतात. पण श्रावणात रात्री नऊ वाजता, पाऊस पडत असताना, दिवसभर निंदणी करून आलेली माणसं पेंगत का होईना बसून राहतात ती पुण्याच्या लोभानंच, असं मला कधी वाटलं नाही. मच्छिंद्र माशाच्या पोटी जन्मतो, कानिफा हत्तीच्या कानातून निघतो, जालंदर अग्नीतून. पोरांच्या हट्टापायी केलेल्या चिखलाच्या बाहुल्याच्या कानी संजीवनी मंत्र पडतो आणि तो गहिनीनाथ होऊन रडू लागतो. अस्त्रांची तर रेलचेल: एक वारा ओढून घेतं, दुसरं समोरच्याला जमिनीला खिळवतं, आणि प्रत्येकावर उतारा म्हणून दुसरं अस्त्र तयार. (आपल्या पूर्वजांना यंत्रमानव ठाऊक होता, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. पूर्वजांना गोष्ट ठाऊक होती एवढंच माझं म्हणणं, आणि ते काही थोडं नाही.)

यात आमच्याकडच्या माणसाला आणखी एक गंमत. मच्छिंद्राला साबरी विद्येची वाट सापडते ती सप्तशृंगीवर, अंबेच्या कृपेनं. सप्तशृंगी शेजारच्या कळवण तालुक्यात. चैत्रात ज्या डोंगरावर आपण पायी जाऊन आलो, त्याच डोंगरावर आज रात्रीच्या अध्यायात मच्छिंद्रावर अंबेची कृपा होणार, हे ऐकताना माणूस सरसावून बसतो. दूरच्या देशातल्या काल्पनिक राज्यांचे नकाशे पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलेले असतात. इथे नकाशाची गरज पडत नाही.

मालूला ताणून धरायची कला येत होती. दुसऱ्या अध्यायात मच्छिंद्र एका निपुत्रिक बाईला भस्म देतो. ती शेजारणींचं ऐकून ते उकिरड्यावर टाकते. मच्छिंद्र निघून जातो आणि पोथीही त्याच्या मागोमाग जाते: हनुमंताशी झुंज, वेताळ, वीरभद्र. नाथ बारा वर्षांनी परत येऊन अलख पुकारतो आणि उकिरड्यातून गोरक्ष निघतो, तो नवव्या अध्यायात. मधली सगळी पानं ऐकणाऱ्याच्या डोक्यात तो उकिरडा असतो. आता ओट्यावरच्या हिशोबाचं महत्त्व कळेल. गोरक्ष कोणत्या रात्री निघणार हे गावाला आधी कळलेलं असतं. त्या रात्री शेतावर राखणीला असलेला माणूसही कुणाला तरी बदली देऊन येतो. महिन्याचा बेत सगळ्यांना सांगायचा तो यासाठी.

पोथ्यांमध्ये आखीव बेत आणखीही आहेत, आणि त्यांत सर्वांत कडक गुरुचरित्राचा. सात दिवसांचं पारायण: पहिल्या दिवशी ९ अध्यायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी २१, मग २९, ३५, ३८, ४३, आणि सातव्या दिवशी उरलेले. पाचव्या दिवशी तीनच अध्याय का, असा प्रश्न पडतो. छत्तिसावा अध्याय वाचायला बसलं की तो आपोआप सुटतो; आचारधर्माचा तो अध्याय संपता संपत नाही. ज्यानं ही वाटणी केली त्यानं अध्याय मोजले नाहीत, घसा मोजला. नवनाथांच्या पोथीत तर शेवटच्या, चाळिसाव्या अध्यायात आधीच्या प्रत्येक अध्यायाचं फळ सांगितलं आहे: कोणता वाचल्यानं काय टळतं, काय मिळतं. आमच्या टोळक्यातला एक जण यादीत प्रत्येक पुस्तकापुढे एक ओळ लिहितो, हे झोप न येणाऱ्यांसाठी, हे प्रवासासाठी. त्याला मी मालूचा वंशज म्हणतो, आणि तो चिडतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी अडचण होती. प्रत एक आणि ऐकणारे पन्नास. वाचता येणारे त्याहून कमी. म्हणून वाचन ठरल्या वेळी, ठरल्या जागी, ठरल्या मापानं. पुढे छापील पुस्तकं आली तरी ही अडचण हटली नाही, तिनं फक्त वेष बदलला.

वेष बदलायचं पहिलं ठिकाण म्हणजे मासिक. विसाव्या शतकाच्या तोंडाशी 'केरळकोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्राची सफर मराठीत हप्त्याहप्त्यानं आली. मराठीतल्या विज्ञानकथेचा आरंभ बहुतेक अभ्यासक तिथून धरतात. कृष्णाजी नारायण आठल्ये या मासिकाचे संपादक. मराठी माणसाला चंद्रावर जायची पहिली वाट केरळातून आलेल्या नावाच्या मासिकानं दाखवली, हे मला फार आवडतं. वाचकाला निवड नव्हती. काय आणि किती वाचायचं ते टपाल ठरवायचं. हप्त्याखाली 'क्रमशः' एवढंच छापलेलं. मराठीतला सगळ्यांत आखूड वाचन-बेत तोच.

नंतर वाचनालय. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. खेड्यांपाड्यांत वाचनालयं पसरली ती बऱ्याच उशिरा, १९६७च्या ग्रंथालय कायद्यानंतर, जेव्हा अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान मिळू लागलं. ड वर्गाच्या वाचनालयात नव्या पुस्तकाची एकच प्रत यायची, आणि मग सुरू व्हायचा नंबर. मला आठवतं ते एका वाचनालयाचं लाकडी टेबल आणि त्यामागे बसलेले नाना.

"नाना, नारळीकरांचं 'प्रेषित' आलं का?"

"आलं ना भाऊ. गेलंही. तुझ्याआधी तिघं आहेत."

त्या तिघांची नावं वहीत लिहिलेली असायची. आम्ही ती वाचून त्यांच्या घरी जायचो, लवकर वाच म्हणून भुणभुण करायला. एकानं चार महिने पुस्तक दिलं नाही, आणि शेवटी कळलं की तो वाचतच नव्हता, त्याच्या बहिणीची मैत्रीण वाचत होती. पण त्या वहीनं एक काम केलं. आपल्यासारखं वेड आणखी कुणाला आहे हे आम्हाला तिच्यामुळे कळलं. अमेरिकेत जे मासिकातल्या पत्त्यांनी केलं ते इथे नंबराच्या वहीनं केलं. नारायण धारपांच्या भयकथांवर नंबर लावणारे एका रांगेत, जयंत नारळीकरांवर लावणारे दुसऱ्या रांगेत, आणि दोन्ही रांगांत नाव असलेले तीन-चार जण. पहिली तारीख आली की आम्ही ठरवायचो: तू हे घे, मी ते घेतो, पंधराला अदलाबदल. वाचनालयाच्या कार्डावर एकावेळी एकच पुस्तक मिळायचं. चार कार्डं एकत्र केली की महिन्याची आठ पुस्तकं होत.

नारळीकरांची पहिली विज्ञानकथाही अशा सामुदायिक वेडातूनच बाहेर आली, असं म्हणता येईल. १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद विज्ञानरंजन कथांची स्पर्धा घेत असे. १९७४च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकरांची निघतात. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. पुढे १९७९ साली 'यक्षांची देणगी' आलं आणि वाचनालयांच्या वह्यांत नवा रकाना उघडला. २०२१च्या डिसेंबरात नाशिकला ९४वं साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष नारळीकर होते. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष येता आलं नाही. मोकळी खुर्ची बघून माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "नंबर लागला, पण पुस्तक आलं नाही." हे वाक्य कळायला वाचनालयात वाढावं लागतं.

दिवाळी अंकांनी हा बेत महिन्याच्या पलीकडे नेला. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, त्यानंतर अंकांची संख्या इतकी वाढली की एका घराला ते विकत घेणं परवडेना. मग वाचनालयांच्या योजना आल्या: एकदा वर्गणी भरा, शिमग्यापर्यंत अंक फिरवत राहा. आमच्या चौकडीचा क्रम ठरलेला. आधी अंतरकरांचं 'नवल', मग 'धनंजय', कारण अद्भुत आणि विज्ञानकथा तिथे हमखास. बाकीचे अंक घरातल्या इतरांसाठी. होळीच्या सुमारास हाती येणाऱ्या अंकाचं मुखपृष्ठ गेलेलं असायचं आणि शब्दकोडं कुणीतरी पेननं, चुकीचं, सोडवलेलं असायचं.

नाशिकमध्येच २००९ साली या कुळाची आणखी एक शाखा फुटली. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. २५ पुस्तकांची एक पेटी, ती एका गटाकडे. गटातल्यांनी आपापसांत वाचायची, काही महिन्यांनी पेटी दुसऱ्या गटाला देऊन त्यांची घ्यायची. वाचकाला वर्गणी नाही. पेट्या दुबईला गेल्या, युरोपात गेल्या. पेटीत काय असेल ते आधी ठरलेलं आणि कोणी केव्हा वाचायचं ते गटानं ठरवायचं. श्रावणातल्या ओट्यापासून हे फार लांब नाही. फक्त इथे पोथी लोकांकडे जाते.

आता प्रतींचा तुटवडा उरलेला नाही. फोनवर हवं ते पुस्तक मध्यरात्रीही उघडतं, कुणाचा नंबर नाही, नाना नाहीत. एवढं होऊनही यादी सांगायची रीत मोडली नाही, उलट वाढली. मला वाटतं तुटवडा अजून आहे, तो प्रतींकडून रात्रींकडे सरकला आहे. पूर्वी पुस्तक एक होतं आणि रात्री पुष्कळ. आता पुस्तकं ४० आणि रात्री ३०, त्याही फोननं कुरतडलेल्या. भागाकार पुन्हा तोच, आणि तो एकट्यानं करायला बसलं की जमत नाही. चारजणांत बोलून दाखवलं की निदान लाज वाटते.

गेल्या श्रावणात मला यादी द्यायला उशीर झाला. कांद्याच्या चाळीचं काम निघालं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. देवळाजवळून जाताना भिंतीवर पोथीचा कागद लावलेला दिसला. निळ्या बॉलपेननं रात्रींचे रकाने, पुढे अध्याय, त्यापुढे प्रसादाची पाळी कुणाची ते. मी त्याचाच फोटो काढून टोळक्याला पाठवला: या महिन्यात हे.

पुण्याच्या मित्रानं हसरा चेहरा टाकला. शारजाच्या मित्राचं बालपण ताहाराबादला गेलेलं. त्यानं तासाभरानं विचारलं, "गोरक्ष कधी निघतोय?"

मी फोटो मोठा करून मोजलं. पहिल्या सात रात्रींत जोड अध्यायांच्या रात्री दोन.

"सातव्या रात्री," मी लिहिलं. "प्रसाद शिऱ्याचा आहे."