बहात्तर किलोमीटर

८ ऑक्टोबर २०२५ ला पनवेल तालुक्यातच विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून पनवेल लोकलच्या लेडीज डब्यात परदेशाच्या गप्पा वाढल्या आहेत. परवा खारघर सोडलं आणि एकीनं विषय काढला. भाची एकटीच इराणला निघाली होती. समोरची ताडकन म्हणाली, "मुस्लिम देशात एकट्या बाईनं जायचंच नसतं." दोघीतिघींनी माना डोलावल्या.

हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डिसेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानात तालिबाननं फर्मान काढलं : ७२ किलोमीटरहून लांब जाणाऱ्या बाईसोबत जवळचा पुरुष नातेवाईक हवा. आपल्याकडे ही फूटपट्टी लावली तर पनवेलहून लोणावळा गाठता येईल, पुणं नाही. इराणात केस झाकणं कायद्यानं सक्तीचं आहे आणि परदेशी पाहुणीलाही त्यातून सूट नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही तरुणी त्याच पोशाखाच्या कायद्याखाली पकडली गेली आणि पोलिसांच्या ताब्यात असतानाच मेली. भाचीच्या मावशीची झोप उडाली तर ते साहजिकच आहे.

पण दाखला काबूलचा द्यायचा आणि दार इस्तंबूल-जकार्ताचं बंद करायचं, याला आपल्या नैयायिकांनी अतिव्याप्ती, म्हणजे नको तिथवर ताणलेली व्याख्या, म्हटलं असतं. जगातले सर्वांत जास्त मुसलमान इंडोनेशियात राहतात. तिथे आचे प्रांत वगळला तर बाईनं डोकं झाकावं असा देशाचा कायदा नाही. तुर्कस्तानात तर कित्येक वर्षं विद्यापीठात डोकं झाकून यायलाच बंदी होती!

मला सगळ्यांत बोलका वाटतो तो सौदी अरेबिया. जून २०१८ मध्ये तिथे बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली. सप्टेंबर २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू झाला आणि परदेशी बाईला अबाया घालायची सक्ती उरली नाही, अंगभर साधे कपडे पुरे. हजला जायचं तर मेहरम, म्हणजे नवरा किंवा लग्न निषिद्ध असलेला जवळचा पुरुष, बरोबर हवा अशी अट पिढ्यान्‌पिढ्या होती. २०२३ मध्ये एकट्या भारतातून ४,३०० हून अधिक बायका मेहरमविना हजला गेल्या. धर्म तोच होता, मक्काही तीच. बदललं ते सरकारी फर्मान. अडवणारा धर्मच असता, तर पाच वर्षांत तो एवढा कसा बदलला?

यावर डब्यातून उत्तर आलं, "तेहरानच्या मेट्रोत बायकांचा डबा वेगळा असतो म्हणे, बघा!" बोलणारी बाई आमच्या लेडीज डब्यात खिडकीची जागा पकडून बसली होती. मुंबईत ५ मे १९९२ पासून अख्खी गाडीच बायकांसाठी धावते आणि तिचा आपल्याला अभिमान वाटतो. तोच डबा परदेशात दिसला की दडपशाहीचा पुरावा ठरतो. (त्यातला सक्तीचा भाग किती आणि सोयीचा किती, हे दोन्हीकडे तपासायला हवं, हे मान्य.) आणखी एक गंमत म्हणजे मीना प्रभूंची ‘तुर्कनामा’ आणि ‘गाथा इराणी’ ही प्रवासवर्णनं कौतुकानं वाचणाऱ्या घरांतच लेकीला मात्र "नको गं बाई" ऐकावं लागतं.

तेव्हा प्रश्न देशाच्या धर्माचा विचारू नये. तिथला कायदा काय, पोलीस कसे, उतरायची जागा कोणती आणि रात्री नवाला परतायचं कसं, एवढं विचारावं. हेच प्रश्न दिल्लीला जाणाऱ्या मुलीलाही विचारायचे असतात.

आणि एका बाईला तर आपण या वादात धरतच नाही. दहावी न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असा शेरा असतो. आखातासह अठरा देशांत नोकरीला जायचं तर तिला सरकारची मंजुरी लागते, आणि वय तिशीच्या आत असेल तर ती मिळतच नाही. म्हणजे तिला अडवणारा पहिला माणूस रियाधमधला नव्हे, आपलाच अधिकारी. हेतू रक्षणाचा आहे, हे खरं. पण मग दलाल तिला टुरिस्ट व्हिसावर पाठवतो. नोंद कुठेच नाही. व्हिसा मालकाशी बांधणारी कफाला पद्धत असेल तिथे तिचं राहणं मालकाच्या मर्जीवर, आणि पासपोर्टही बहुधा त्याच्याच कपाटात. पर्यटक बाईला रस्ता आवडला नाही तर ती परतीचं तिकीट काढते. हिला तर रस्त्यावर यायलाच परवानगी लागते.